गाळलेली जाहिरात

महादेवराव रामटेके चौथीतून उठले ते सरळ गिरणीत. वाचायला शिकले दुकानांच्या पाट्या आणि संपाची पत्रकं वाचून, आणि त्याचा त्यांना भारी ताठा. एकोणऐंशी सालापासून दर रविवारी इंदोऱ्याच्या बुद्धविहारात ते सहा-सात आंधळ्या माणसांना आठवड्याचे पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. कोणी मध्येच खोकलं की डाफरत, "खोकून घे गा आधी. बातमी काही पळून नाही चालली."

एका रविवारी कौसल्यानं विषय काढला. ही कामठीहून बसनं यायची. ब्रेलवर मॅट्रिक झालेली, पोटासाठी खुर्च्यांना वेत विणणारी.

"भाऊ, एका सरकारी हापिसात टेलिफोनवर बसायची जागा निघाली होती म्हणते. आंधळ्यासाठी राखीव. परवा तारीख सरली. तुमच्या पेपरात नव्हती काय?"

"नव्हती," महादेवराव म्हणाले.

होती. 'टेलिफोन ऑपरेटर पाहिजेत' एवढा मथळा पाहून त्यांनीच पान उलटलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते या ऐकणाऱ्यांतल्याच देवरावला घेऊन अशाच मुलाखतीला गेले होते. कारकून फिदीफिदी हसले, महादेवरावांनी एकाची कॉलर धरली, दोघांनाही बाहेर काढलं. तेव्हापासून नोकरीच्या जाहिराती ते गुपचूप गाळत. आपल्या माणसांचा अपमान वाचवतो, असं स्वतःला सांगत. राखीव जागेची ओळ खाली, बारीक अक्षरात होती. धड डोळ्यांचा माणूस तिथवर पोचलाच नव्हता.

त्या आठवड्यात गिरणीत मुकादम ओरडला तरी महादेवरावांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. सोबतचे चकित झाले.

पुढच्या रविवारी त्यांनी तो जुना पेपर काढला आणि जाहिरात शेवटच्या तारखेपर्यंत वाचली.

"होती वं कौसल्या. मीच गाळली. तिथं तुले कोणी हसू नये म्हणून."

"हसले असते तर मी ऐकून घेतलं असतं, भाऊ. ते बी तुम्हीच ठरवलं."

कोपऱ्यातून देवराव हळूच म्हणाला, "मले तर पुन्हा जायचं होतं मुलाखतीले. कोणी विचारलंच नाही."

महादेवराव चष्मा पुसत बसले. चिडायला समोर कोणी सापडेना.

"थांबले काहून?" कौसल्या म्हणाली. "आजचा वाचा. काय सोडायचं ते आम्ही सांगू."

ते वाचू लागले. बातम्या झाल्या, निधनवार्ता झाल्या, दंतमंजनाची जाहिरात आली. ते अडखळले, वाट पाहिली. कोणीच 'सोडा' म्हणालं नाही. मग तीही त्यांनी वाचली, दुकानाच्या पत्त्यासकट.