आमच्या बोळाचे तीन हात

भांडण मिटलं की विसरून जावं म्हणतात. आमचं मिटलंच नाही, म्हणून किस्से साचत गेले! पन्नास सालानंतरची, चिंचवड गावठाणातली गोष्ट. आमच्या आणि शेजारच्या नानांच्या घरांमध्ये एक बोळ होता. माझे वडील तात्या म्हणत आमचा, नाना म्हणत त्यांचा.

*

जुन्या कागदात लिहिलेलं, 'भिंतीपासून तीन हात जागा तात्यांची.' पण हात कुणाचा? तात्या बुटके, नाना ताडमाड. तात्या म्हणाले, "नानाच्या हातानं मोजा!"

नानांनी दोन्ही हात काखेत दाबले. "हात माझा हाय. द्येत न्हाई!"

*

मग सर्व्हेचा मोजणीदार साखळी घेऊन आला. मोजणी आपल्या बाजूनं व्हावी म्हणून सकाळी आमच्याकडे पुरणपोळी, दुपारी नानांकडे मटण! गडी ओट्यावर आडवा झाला, तो उठला थेट परतीच्या गाडीच्या वेळेला. जाताना म्हणाला, "भांडण जपून ठेवा. मी परत येतो!"

*

बोळात एक शेवगा आपोआप उगवला होता. शेंगा लागल्या की दोघंही म्हणत, "झाड आमचं." सुरवंट झाले की दोघंही म्हणत, "झाड तुमचं!"

आई आणि नानांच्या बायको राधाकाकू, या दोघींचं मात्र बरं चाललं होतं. एकदा तात्यांनी आमटी भुरकत विचारलं, "शेंगा कुठल्या गं?"

आई म्हणाली, "राधाकाकूंनी दिल्या. नानांनी काढल्या."

तात्यांचा घास थांबला. मग वाटी पुढे सरकवत म्हणाले, "वाढ आनखी. झाड आपलंच हाय!"

*

पुढे माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं लग्न ठरलं. मुलगा पिंपरीला कारखान्यात, स्थळ चांगलं. पण अंगण एवढंसं, बोळ घेतल्याशिवाय मांडव मावेना. तात्या म्हणत, "नानाला इचारलं, म्हंजे जागा त्याचीच झाली!" लग्न मुलाकडे करावं लागणार, असं दिसायला लागलं. आपल्या दारात मांडव नाही म्हणून अक्का रडायची. मला तात्यांचा भयंकर राग आला होता.

मुहूर्तमेढीच्या दिवशी सकाळी बोळात पहारीचे दणके ऐकू आले. धावत गेलो, तर नाना खड्डा खणतायत आणि राधाकाकू हळदकुंकवाचं ताट घेऊन उभ्या!

तात्या ओरडले, "नाना, ह्ये काय चाललंय?"

"माझ्या जागेत अक्काची मेढ रोवतोय. हरकत असंल तर जा कोर्टात!"

तात्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, पुढे होऊन मेढ धरली आणि म्हणाले,

"खड्डा दोन हात घे. तुझ्या हातानं मोज!"