तिसऱ्या भागात सगळे सारखे

चार कॉम्प्युटर वायरने जोडा, समोर चार पोरं बसवा, किस्से आपोआप साठतात. शिकवलेलं कोणाला आठवत नाही, हे मात्र पाठ असतं!

बंगळुरूहून शिकून मी जळगावला परतलो ते एकच वेड घेऊन: इथल्या पोरांना मोठ्या शहरातल्या पोरांइतकीच संधी मिळाली पाहिजे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कापसाचं जुनं गोदाम भाड्याने घेऊन क्लास काढला. उन्हाळ्याच्या दुपारी बाहेर चिटपाखरू नसायचं. खिडक्या बंद, आत अंधार, कूलरची घरघर. तेव्हा आम्ही गेम खेळायचो. एकाच गोळीबाराच्या गेमचे तीन भाग होते आणि रोजचा वाद एकच: बॅलन्स कुठल्या भागाचा चांगला?

*

पहिल्या भागात सगळ्यांना सारखीच बंदूक. मला तर आदर्श समाजच वाटला! तरी भूषण कायम हरायचा. हा असोद्याच्या केळी बागायतदाराचा मुलगा. त्याचे वडील, आबा, म्हणाले होते, "एकदा तरी माह्यासमोर खेळात कोणाले हरवून दाखव, मंग शिक वरीसभर. नाही तं बागेत चाल." त्यामुळे पोरगा जीव तोडून खेळायचा.

पण या भागात मेलेला माणूस तिथेच पडून राहायचा, डोळे उघडे ठेवून. भूषण प्रत्येकाला वळसा घालायचा आणि तेवढ्यात गोळी खायचा.

"अरे, सरळ जा ना!"

"सर, पडेल माणसाले ओलांडत नाही."

बंदुकांचा बॅलन्स कंपनीने साधला होता. याचा कोण साधणार?

*

दुसऱ्या भागात मेलेले लगेच नाहीसे व्हायचे. भूषण खूश! पण इथे पाण्याच्या टाकीजवळ एक मोठी तोफ होती. डाव सुरू होताना जो टाकीजवळ उभा, तो जिंकलाच. जागा कॉम्प्युटर आपल्या मनाने वाटायचा, आणि टाकी नेहमी भिंतीकडच्या मशीनलाच मिळायची. आम्ही मशीनची अदलाबदल केली. तरी भिंतीकडच्यालाच!

"योगायोग," मी म्हणालो.

डाळ मिलवाल्यांचा विलास म्हणाला, "मग सर, आता तुम्हीच बसा तिथे."

बसलो. डाव सुरू झाला. समोर टाकी.

मी मोठ्याने हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

*

तिसरा भाग आला आणि मी जाहीर केलं, "इथे सगळे सारखे! हरलात तर फक्त स्वतःमुळे." ना तोफ, ना टाकी. शिवाय यात चालणाऱ्याच्या बुटांचा आवाज यायचा.

धुळ्याहून राकेश खेळायला आला. तिकडचा चॅम्पियन. पहिल्याच डावात त्याने मला, विलासला आणि भूषणला उडवलं. मग माझ्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत त्याचा मेसेज उमटला: kon she.

"राकेश, ही मुलगी कोण?"

पोरं खो खो हसली. "सर, ते इंग्रजीतलं 'शी' नाही! 'कोन शे' विचारतोय. कोण आहे!"

मीही हसलो. मग विचारलं, "पण विचारलंस कोणाला?"

"मना मांगे कोनी तरी चाली ऱ्हायंता ना, सर. माझ्या पाठीमागे बूट वाजत होते."

आम्ही तिघंही तेव्हा मरून पडलो होतो.

*

शेवटी आबाच आले. टोपी गुडघ्यावर ठेवून भूषणच्या मागे खुर्चीत बसले. भूषण विरुद्ध राकेश, तिसरा भाग, बाकी दोन मशीन बंद. प्लग मी स्वतः काढले होते.

दोघे बरोबरीत आले. शेवटच्या गोळीला राकेश एका दारातून वळला आणि भूषणने त्याला टिपलं.

"जिंकला!" मी ओरडलो. राकेशने उठून त्याला मिठी मारली. "भारी खेळना रे भो!"

आबा स्क्रीनकडेच बघत होते. "शिक मंग वरीसभर," एवढंच म्हणाले आणि टोपी घालून उठले. दारापर्यंत गेले. भूषण चपला पुढे करायला धावला.

"एक सांग रे," आबा म्हणाले. "तुम्ही दोघं लढू राह्यले होते. मंग टीव्हीमंधी भिंतीले टेकून बसेल तो तिसरा पोरगा मले हात काहून करू राह्यला होता?"