तक्त्यातली वाडी

सांगलीला राज्यशास्त्रात एम.ए. करताना मला दोनच कामं धड येत होती: पत्रकं लिहिणं आणि भांडणं. लघुप्रबंधाला सर मिळाले ते गणितवाले. त्यांनी फळ्यावर मतदाराचं सूत्र मांडलं. आपल्या एका मतानं निकाल फिरण्याची शक्यता गुणिले फायदा, वजा केंद्रापर्यंत जाण्याचा त्रास. उत्तर शून्याखाली गेलं की शहाणा माणूस घरी बसतो. म्हणजे केंद्र जितकं लांब, तितकं मतदान कमी.

माझं डोकंच फिरलं. माणूस काय तराजू आहे?

"चिडू नका, तपासून या," सर म्हणाले.

गेलो कोरेगाव तालुक्यात. एकाच गावाच्या दोन वस्त्या घेतल्या, एक केंद्राला खेटून, दुसरी डोंगरापलीकडची वाडी. उमेदवारांच्या माणसांनी मतदानादिवशी मत टाकलेल्यांच्या नावांवर खुणा केलेल्या याद्या मिळवल्या, नाव न् नाव ताडलं. सगळं उलटं! वाडीत बिनखुणेचं नाव शोधावं लागत होतं. दांड्या मारल्या होत्या केंद्राजवळच्यांनी.

"आवं, शाळा दारातच हाय," तिथला एक जण म्हणाला. "जाऊ की कवा बी म्हनलं, तवर पेटी बंद!"

वाडीत एक आजी गोवऱ्या थापत होत्या. विचारलं, एवढं चालून का गेलात?

"आमी वाडीत केंद्र मागितलं. तालुक्याचा सायब म्हनला, तुमी मतंच टाकत न्हाई. मग काय रं, दावलं त्येला! बाळंतीण सुदीक गाडीत घालून न्हेली."

"मग मिळालं केंद्र?"

"कशाचं! आता म्हनतोय, येताय की चालत, मग केंद्र कशाला?"

सरांनी तक्ता पाहिला. "वाडी अपवाद आहे. गाळा, सूत्राला धक्का लागणार नाही."

"सर, सूत्रात अंतर म्हणजे त्रास. इथं अंतराच्या रागानंच माणसं चाललीत."

"राग मोजता येत नाही."

"मग तसंच लिहू. वाडी गाळणार नाही."

"हे पत्रक झालं. मी सही करणार नाही."

एका गावावरून सूत्र मोडत नाही, हे मलाही कळत होतं, आणि तसं मी लिहिलंही होतं. पण तुम्ही मतं टाकत नाही, असं त्या साहेबानं वाडीला ऐकवलं होतं. त्यांनी टाकली, आणि आता मी त्यांना कागदावरून पुसू? जमणार नाही.

सही झाली नाही. वर्ष बुडालं. पुढच्या जूनमध्ये तोच तक्ता घेऊन दुसऱ्या सरांच्या दारात उभा राहिलो, वाडीसकट.