ओझरच्या गोंधळातला संबळ

अंबूबाईनं नवऱ्याचा गोंधळ कधी पुरता ऐकलाच नव्हता, हे कुणाला खरं वाटत नसे. फकिरा म्हणजे सायखेड्याचा नावाजलेला संबळवाला. एकदा वाजवलं तसं पुन्हा वाजवायचा नाही. भारत गोंधळ्यानं एक ओळ टाकावी आणि फकिरानं ती तासभर खेळवत ठेवावी. पण घरी झेंडूचं शेत. तो वाजवायला निघे तेव्हा अंबूबाई नाशिकच्या बाजारासाठी फुलं भरत बसलेली असे. मग तो कायमचा गेला, आणि तिला ऐकायची तहान लागली.

गावातला लाउडस्पीकरवाला रियाज प्रत्येक कार्यक्रम पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचा. अंबूबाईनं त्याचा पिच्छाच पुरवला. कळवणचा गोंधळ सापडला, पण माईक खरखरत होता. दुसऱ्यात पाहुण्यांचाच गलका.

"काकू, एक हाय ओझरचा," रियाज शेवटी म्हणाला. "तसा पुन्हा झाला नाय. पण तुम्ही नका ऐकू."

तिनं तो मोबाईलमध्ये घालून घेतलाच.

भर दुपारी ओट्यावर माळा ओवताना तिनं लावला. संबळ सुरू झाला आणि सुई बोटांतच राहिली. लांबून कुणी चालत यावं तसा तो आला, मग दाराशी, मग अगदी कानाजवळ. मध्येच भारतनं यजमानांच्या लेकीला, सृष्टीला, आशीर्वाद दिला, तसं अंबूबाईनं तेवढंच पुन्हा मागं नेऊन ऐकलं. म्हणजे हा सृष्टीच्या लग्नाचा गोंधळ; त्या लग्नाला अंबूबाई गेली नव्हती. फकिराला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

तिनं रियाजला गाठलं. संबळ कुणी वाजवला, म्हणून विचारलं. तो कितीतरी वेळ वायरच गुंडाळत राहिला. त्या दिवशी माईक दोनच होते म्हणाला, एक भारतपुढं, एक तुणतुण्यापुढं.

"ऐकू सगळ्यांना आलं, काकू. दिसला कुणाला नाय."

भारत तिच्या बोलावण्यावरून आला तो मान खाली घालूनच. गोंधळाच्या सुरुवातीला गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलवायचं, मग गुरूंना, मग आपल्या सोबत्यांना, ही रीतच. त्या दिवशी सवयीनं फकिराचं नाव तोंडात आलं, आणि संबळ वाजला. पुढं मग भारत मुद्दामच नाव घेऊ लागला.

अंबूबाईनं देवघराकडं बघितलं. "देवांना शेवटी निरोप देता ना?"

"देतो की."

"आणि ह्यांना?"

भारत हळूच म्हणाला, "निरोप दिला तर तुम्हालाबी परत ऐकू यायचा नाय, वहिनी."

ते तिलाही कळत होतं. तिनं मोबाईल उपडा ठेवला. "जेवता जेवता उठून जायचे बोलावणं आलं की," ती म्हणाली. "आता तरी बसू द्या त्यांना."

पाटावर तांदळाचा चौक भरला, कलश मांडला. भारतनं देवांची नावं घेतली, सगळ्यांत शेवटी फकिराचं घेतलं, आणि आपल्या जागी सुखानं जा म्हणून हात जोडले. अंबूबाईनं अक्षता वाहून कलश सरकवायला हात लावला. तांब्याएवढा कलश, पण भरल्या हंड्यासारखा जड. हलेचना. मग एकदम हलका झाला.

दुसऱ्या दिवशी तिनं ओझरचा गोंधळ पुन्हा लावला. भारत गातो, तुणतुणं वाजतं. मग दोन्ही थांबतात. बराच वेळ नुसतं मंडपाचं कापड फडफडत राहतं, आणि मग माणसं जीव तोडून टाळ्या वाजवतात.

अंबूबाई तेवढा वेळ फुलं खाली ठेवते.