टाक अडायचा ती जागा

निपाणीच्या शाळेत मास्तर होऊन मला दोन वर्षं झाली होती. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. बेळगावात खडेबाजारातल्या एका छापखान्यातून साप्ताहिक निघायचं. त्यात माझा एक छोटा लेख आला आणि संपादकांनी पत्र धाडलं, दिवाळी अंकासाठी गोष्ट द्या. मी लगेच होकार कळवला. गोष्ट माझ्याकडं होतीच.

बेळगावाजवळ अनगोळात, आमच्या गावी, माझे वडील आणि थोरले चुलते बांधावरच्या आंब्यावरून भांडले होते. नऊ वर्षं दोघांनी शेजारी शेजारी औत धरलं, पण एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मग एका उन्हाळ्यात, मी ट्रेनिंग कॉलेजच्या सुट्टीत घरी असताना, ते बोलले. मी जवळच विहिरीवर होतो. एवढंच लिहायचं होतं.

लिहायला बसलो की भांडण सरसर कागदावर यायचं. पण दोघं बांधावर समोरासमोर आले की टाक अडायचा. दौतीत बुडवायचा, झटकायचा, पुन्हा कागदावर टेकवायचा. पुढं काही नाही. श्रावण गेला, भाद्रपद लागला. आधी वाटलं, शाळेचा शीण असेल. मग वाटलं, खोलीत उजेड कमी आहे, म्हणून टेबल खिडकीशी नेलं. पहाटे उठून पाहिलं. काही फरक नाही.

शेवटी मला त्या अडण्याचंच कुतूहल वाटायला लागलं. एका रविवारी टाकून दिलेले कागद गोळा केले, हातानं सपाट केले आणि सोप्यात ओळीनं मांडले. सात निघाले. सगळ्यांची शेवटची ओळ एकच होती: 'तेव्हा वडील म्हणाले'. त्यापुढं कुठं शाईचा डाग, कुठं काट मारलेलं.

घरमालकीण आक्का तिथंच तंबाखूची पानं निवडत बसल्या होत्या. जैन शेतकऱ्याचं घर. आपसात कानडी, माझ्याशी मराठी.

"मास्तर, कागद वाळत घातलाय काय?"

मी अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "वाचा बघू." मी काट मारलेलं एक वाक्य वाचलं. 'हे बंधो, इतक्या वर्षांचा दुरावा आज संपू दे.'

"असं म्हणालं व्हय तुमचं वडील?"

"नाही."

"मग काय म्हणालं?"

"तसं विशेष काही नाही, आक्का."

"विशेष न्हाय इचारलं मी. काय म्हणालं?"

"म्हणाले, 'अण्णा, तुजा बैल लंगडतोय.'"

"आन् थोरलं?"

"ते म्हणाले, 'व्हय, काटा गेलाय. जरा धरतोस काय?'"

आक्कांचा हात थांबला. "धरला?"

"धरला. दोघांनी मिळून काटा काढला."

"मग त्येच लिवा की. त्येची कसली लाज?"

लाज हा शब्द माझ्या डोक्यात आला नव्हता, पण तीच होती. नऊ वर्षांच्या अबोल्यानंतर माणसं बैलाच्या पायाबद्दल बोलली, हे बेळगावचे शिकलेले लोक वाचतील आणि हसतील, असं मला वाटत होतं. म्हणून मी मोठी वाक्यं शोधत होतो. आणि माझ्या मनातले वडील ती वाक्यं बोलायला तयार नव्हते.

त्या दुपारी बसलो ते दिवेलागणीला गोष्ट पुरी करूनच उठलो. संपादकांनी विचारलं, संवाद शुद्ध भाषेत करू का? मी नको म्हणून कळवलं. त्यांनी तसेच छापले.

अंक घेऊन अनगोळला गेलो आणि वडिलांना वाचून दाखवला. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"बरं लिवलंस. पर मी आदी न्हाय बोललो. अण्णा बोलला."

"आप्पा, मी ऐकलं होतं."

"तुला लांबनं काय ऐकू आलं असंल?"

मी तसाच चुलत्यांकडं गेलो. ते म्हणाले, "मी कशाला आदी बोलीन रं? तुजा बाप बोलला."

दोघंही पहिला शब्द दुसऱ्याच्या नावावर लावत होते. मोठेपणा देत होते की कमीपणा टाळत होते, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. परत निपाणीला जाताना सबंध वाट मी त्याचाच विचार करत होतो, आणि खोलीवर पोचल्यावर नवा कागद काढला.