हेडबाईंची निवड

हेडबाईंना परीक्षेची भारी हौस. नागपुरात मुख्याध्यापिका म्हणून रिटायर होऊन त्या फ्रीमाँटला मुलाकडे आल्या, तरी ती फिटली नव्हती. नागरिकत्वाच्या परीक्षेत सगळी उत्तरं बरोबर आल्यावर त्यांनी समोरच्या साहेबाला विचारलं होतं, "बस, एवढंच?"

इराकचं युद्ध सुरू झालं त्या वर्षी त्यांना ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या बारा नागरिकांत बसण्यासाठी, बोलावणं आलं. आमच्या टाउनहाउसांत अशा कागदावर एकच चर्चा व्हायची, ते टाळायचं कसं. शेजारी म्हणून मीही सल्ला दिला, "काकू, इंग्लिश येत नाही म्हणा, सोडून देतात." त्या भडकल्या. "मी खोटं बोलू? तू मला कोर्टात ड्रॉप कर फक्त."

संध्याकाळी आणायला गेलो, तर स्वारी खुशीत. सरकारी वकिलाने प्रश्न विचारले, बाईंनी खणखणीत उत्तरं दिली आणि बारा जणांत त्यांची वर्णी लागली. "चार काळे लोक होते. चौघांनाही त्याने 'थँक यू' म्हणून घरी पाठवलं. मी सिलेक्ट झाले नं!" घरोघरी पेढे वाटले. मीही दोन खाल्ले आणि त्या चौघांबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

खटला एका काळ्या माणसावर होता, दुकान लुटल्याचा. साक्षीदार एकच, त्यानेही लांबून पाहिलेलं. हेडबाईंना ते पटलं नव्हतं. पण निकाल एकमताने लागतो. तीन दिवस बाकीचे अकरा जण समजावत राहिले, शेवटी बाईंनीही 'गिल्टी' म्हटलं. "वाटलं, इथलीच माणसं, त्यांना जास्त कळत असेल," हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

निकालानंतर आरोपीची वकीलबाई त्यांना बाहेर भेटली. तिने सांगितलं, त्या चौघांना काळे म्हणूनच वगळलं, अशी हरकत तिने घेतली होती. त्यावर सरकारी वकील जजला म्हणाला होता, यात वर्णभेद कसला, ती साडीतली बाई ठेवलीच आहे की!

त्या माणसाला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. बाईंनी जजला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही.

अपील फेटाळलं गेलं तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. वकीलबाईने निकालाची प्रत पाठवली. त्यात वर्णभेद झाला नसल्याचं कारण दिलं होतं, ज्युरीत एक भारतीय महिला होती. ती ओळ त्यांनी माझ्यापुढे धरली.

"हे चूक आहे असं लिही नं त्यांना. तुझं इंग्लिश चांगलं आहे."

"काकू, चूक कसं म्हणायचं? तुम्ही होतातच."

त्यांनी कागदाची घडी घातली. "हो," म्हणाल्या. "होते."

त्याच उन्हाळ्यात हेडबाई गेल्या. तो माणूस अजून आतच आहे.