लेडी विनिफ्रेड खुर्ची सोडत नाहीत

लेडी विनिफ्रेड हॅथर्सेज यांच्या आयुष्याचे सरळ दोन भाग पडतात. पहिल्या भागात त्या सगळ्यांच्या शेवटी होत्या आणि दुसऱ्या भागात सगळ्यांच्या आधी. मधे कुठे थांबायची त्यांना सवयच लागली नाही, आणि त्यातूनच टॉरबेक हॉलमधल्या त्या जेवणाचा घोळ झाला.

त्या एका उमरावाची चौथी मुलगी. तीन बहिणींच्या अंघोळी उरकल्यावर जे कोमट पाणी उरे, त्यात त्यांची अंघोळ. तिघींनी वापरून कोपरांवर विरलेले झगे त्यांचे. बग्गीत घोड्यांकडे पाठ करून बसायची जागाही त्यांचीच. मानाप्रमाणे रांगेने जेवायला जाताना त्या इतक्या मागे असत, की आत पोचेपर्यंत सूप निवून गेलेलं असे. पुढे सर ह्यूंशी लग्न झालं, सर ह्यूंना सेंट बार्नाबस बेटाचं गव्हर्नरपद मिळालं, आणि एका बोटीच्या प्रवासात बाईंचं नशीब पालटलं. बेटावर राणीच्या खालोखाल त्या. त्यांनी चमचा उचलल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, त्या उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

मुदत संपली आणि कुटुंब डेव्हनमधल्या आपल्या घरी परतलं. बाईंची सवय मात्र परतली नाही. पाद्रीसाहेबांकडे जेवायला गेल्या आणि मासे संपताच उठून उभ्या राहिल्या. उमरावाची लेक उभी राहिलेली पाहून बाकीच्या बायकाही उठल्या, आणि भाजलेलं बदक मागे टाकून सगळ्या दिवाणखान्यात उपाशी जाऊन बसल्या. पाद्रीणबाई अजून त्यांच्याशी धड बोलत नाहीत.

हे हसण्यावारी गेलंही असतं. पण बाईंच्या मुलीचं, हेस्टरचं, मन बसलं होतं टॉरबेकांच्या लायोनेलवर, आणि लायोनेलची आई रीतीभातीला भलतीच कडक. एका मुलीने वाटाणे सुरीवर घेऊन खाल्ले, म्हणून लेडी टॉरबेकनी थोरल्या मुलाचं जमत आलेलं लग्न मोडलं होतं. आता त्यांच्याकडून हॅथर्सेज कुटुंबाला जेवणाचं आमंत्रण आलं. मुलीपेक्षा मुलीची आई पाहायची आहे, हे न सांगता सगळ्यांना कळलं.

“आई, शपथ घे,” हेस्टर म्हणाली. “लेडी टॉरबेक उठल्याशिवाय तू उठायचं नाही.”

“मी काय लहान मुलगी आहे?”

“लहान मुलगी ऐकते तरी!”

“हिला खुर्चीला बांधूनच नेऊ या,” वर्तमानपत्राआडून सर ह्यू म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा हो! तुमच्यामुळेच लागलीय ही खोड. कुणी सांगितलं होतं गव्हर्नर व्हायला?”

मग तालीम झाली. म्हातारा बटलर मोफॅट लेडी टॉरबेक झाला आणि रिकाम्या बशीपुढे ताठ बसला. बाई पुन्हा पुन्हा त्याच्या आधी उठत. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

“मोफॅट, ऊठ ना रे बाबा आता!”

“माझं पुडिंग राहिलंय, बाईसाहेब,” मोफॅट गंभीरपणे म्हणाला.

टॉरबेक हॉलमध्ये सूप, मासे, हरणाचं मांस सगळं सुरळीत पार पडलं. बाई मानाच्या पाहुण्या, म्हणून लॉर्ड टॉरबेकांच्या उजव्या हाताला बसल्या होत्या. जेवण झालं की बायकांनी उठून दिवाणखान्यात जायचं, म्हणजे पुरुष मागे पोर्ट वाइन प्यायला आणि सिगार ओढायला मोकळे. उठायची रीतही ठरलेली. यजमानीणबाई मानाच्या पाहुणीकडे नजर टाकते, पाहुणी मान हलवते आणि दोघी एकदम उठतात. ही नजर बेटावर लेडी विनिफ्रेड स्वतः टाकत. लहानपणी त्यांच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती. ती आपल्याकडे येऊ शकते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

लेडी टॉरबेकनी नजर टाकली. लेडी विनिफ्रेड गोड हसल्या आणि खुर्ची घट्ट धरून बसल्या.

लेडी टॉरबेकनी भुवया उंचावल्या. बाई आणखी गोड हसल्या. लेडी टॉरबेक खाकरल्या, मग चांगल्याच खोकल्या.

“तुमच्या मिसेसना सर्दी झालीय वाटतं,” बाई लॉर्ड टॉरबेकांच्या कानाशी लागून म्हणाल्या.

द्राक्षांची तबकं पुन्हा फिरली. अक्रोड फिरले. पुरुषमंडळी पोर्टच्या बाटलीकडे केविलवाणी बघू लागली. टेबलाच्या पार टोकाला हेस्टर डोळ्यांनी ‘ऊठ, ऊठ’ म्हणत होती. आईने तिला डोळा मारला. काळजी करू नकोस, मी पक्की बसलेय!

“बेटावर कंटाळा येत असेल नाही?” वेळ जाईना म्हणून लॉर्ड टॉरबेकनी विचारलं.

“छे हो! एकदा मेजवानीला टेबलाखाली बोकड शिरला. मी उठेना, म्हणून कुणी उठेना. न्यायाधीशसाहेबांची पाटलोण गुडघ्यापर्यंत खाल्ली त्याने.”

“मग तुम्ही उठला का नाहीत?”

“माझं पुडिंग राहिलं होतं.”

लॉर्ड टॉरबेक असे हसले, की कॉलरची गुंडी सुटून अक्रोडांत जाऊन पडली. घरात इतकं हसणं कुणी ऐकलंच नव्हतं. “ओता रे पोर्ट!” ते ओरडले. “बायकांनाही ओता! त्या काही जात नाहीत आज!”

बायकांना पोर्ट! भरलेला पेला हातात येताच लेडी टॉरबेक लालबुंद झाल्या. लायोनेलने डोळे मिटून घेतले. आपलं लग्न बुडालं, हे हेस्टरला स्पष्ट दिसलं. आता आणखी काय बुडायचं होतं? ती ताडकन उभी राहिली. टेबलावरच्या बायकांत सगळ्यांत कमी मान बिनलग्नाच्या मुलीचा, आणि ती सगळ्यांच्या आधी उभी!

“आई, ऊठ!”

“अगं, पण त्या अजून...”

“त्या तुझ्यासाठी थांबल्यात आणि तू त्यांच्यासाठी! ऊठ म्हणते ना!”

बाई स्प्रिंग सुटल्यासारख्या उठल्या. लेडी टॉरबेक उठल्या, सगळ्या बायका उठल्या, खुर्च्यांचा एकच खडखडाट झाला. पोर्टचा एक पेला मात्र लेडी टॉरबेकांच्या हातात तसाच राहिला होता. त्यांनी तो पाहिला, क्षणभर विचार केला आणि सरळ पिऊन टाकला.

“लायोनेल, हीच ना ती मुलगी?”

“हो, आई.”

“मग लवकर उरकून टाक लग्न. तुझी ही सासू दर नाताळाला इथं जेवायला येणार. तिला उठवू शकेल असं माणूस माझ्या घरात हवं.”

हेस्टर हसली, रडली आणि लायोनेलच्या बुटावर पाय देऊन आईला मिठी मारायला वळली. पण आई होती कुठे? उठायचं कळताच बाई जुन्या सवयीने सगळ्यांच्या आधी दारातून निघून गेल्या होत्या, आणि शेकोटीजवळच्या लेडी टॉरबेकांच्या खुर्चीत पाय पसरून बसल्या होत्या.